मॉडेल रेल्वेच्या डब्यावर खरं स्टील कसं उतरवायचं

स्वयंपाकघरातून स्टीलचे दोन डबे आणा. एक नवाकोरा, दुसरा दहा-पंधरा वर्षं घासणीखाली गेलेला. दोन्ही ट्यूबलाइटखाली शेजारी ठेवा. नव्यात नळीचं प्रतिबिंब रेघ ओढल्यासारखं स्पष्ट दिसतं. जुन्यात उजेडाचा एक पसरट, मऊ पट्टा दिसतो. कडेला रंग करडा होत जातो आणि घासणीच्या बारीक रेघा एकाच दिशेने चमकतात. रुळांवर धावणारा स्टीलचा डबा या जुन्या डब्याच्या जातीचा असतो. मॉडेल रंगवणारे बहुतेक जण मात्र पहिल्या डब्याच्या मागे लागतात. मग डबा क्रोमच्या खेळण्यासारखा तरी दिसतो, नाहीतर लोखंडी गेटला फासलेल्या चंदेरी रंगासारखा.

खालचा थर किती गुळगुळीत आहे आणि एका पत्र्यापासून दुसरा पत्रा किती वेगळा दिसतो, यावर धातूचा भास ठरतो. चंदेरी रंगाचा वाटा त्यात थोडाच. म्हणून पुढे जास्तीत जास्त जागा तयारीला दिली आहे.

आधी डबा ओळखा

रंगाची बाटली उघडण्यापूर्वी आपल्या हातातला डबा मुळात कशाचा होता हे ठरवा. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने १९३४ मध्ये ‘पायोनिअर झेफिर’ बांधली. २६ मे १९३४ रोजी ती डेन्व्हरहून शिकागोला १३ तास ५ मिनिटांत पोचली आणि स्टेनलेस स्टीलच्या गाड्यांचा जमाना सुरू झाला. स्टेनलेस स्टील जोडताना जास्त वेळ तापलं की त्याची गंज न धरण्याची ताकद कमी होते. म्हणून बडने क्षणभरच मोठा विद्युतप्रवाह सोडून ठिपक्या-ठिपक्यांनी जोडायची ‘शॉटवेल्ड’ पद्धत वापरली. तिच्या डब्यांवर रिव्हेटच्या रांगा दिसत नाहीत त्या यामुळे. बाजूच्या पन्हळ्या शोभेसाठी आहेतच, पण पातळ पत्र्याला ताठपणाही त्याच देतात. १९४९ ते १९७० या काळात धावलेली ‘कॅलिफोर्निया झेफिर’ हे बडच्या कामाचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण. हे डबे रंगवताना संपूर्ण अंग एकाच धातूचं, पण भागाभागाची चमक वेगळी, असं धोरण ठेवावं.

पुलमन-स्टँडर्डचे अनेक डबे दिसायला असेच होते. त्यांचा सांगाडा मात्र साध्या पोलादाचा, त्यावर स्टेनलेसच्या पन्हळी पट्ट्या बसवलेल्या, आणि सपाट भागाला जुळता करडा-चंदेरी रंग दिलेला. म्हणजे पन्हळ्या चमकदार आणि खिडक्यांवरची नावाची पट्टी मंद. हा फरक मॉडेलवर दाखवला की जाणकाराची नजर लगेच तिथे थांबते.

आपल्याकडच्या एलएचबी (मूळ जर्मन रचनेच्या, नव्या) डब्यांच्या बाजू स्टेनलेसच्या असतात, पण रंगाखाली झाकलेल्या. तिथे उघडा धातू थोडाच लागतो: दाराशेजारचे दांडे, पायऱ्यांच्या कडा आणि रंग खरचटलेल्या जागा. इथे एक फरक पक्का लक्षात ठेवा. जुन्या आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या रचनेच्या) डब्याचा रंग उडाला की खालून तांबडा गंज दिसतो. एलएचबीच्या बाजूचा उडाला की राखाडी स्टील दिसतं. एलएचबीच्या खिडकीखाली गंजाचे ओघळ रंगवलेलं मॉडेल म्हणूनच चुकतं. खात्री करायची तर मिरज जंक्शनच्या फलाटावर अर्धा तास उभं राहून दारांचे दांडे नीट बघावेत: हात लागतो तिथे लखलखीत, वर-खाली काळपट.

रंग निवडताना कणाचा आकार

एचओ हे मॉडेल रेल्वेचं एक प्रमाण: १:८७, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीवा भाग. रंगातला धातूचा कण २० मायक्रॉनचा धरला तर तो मोजमापात पावणेदोन मिलिमीटरचा होतो. खऱ्या डब्यावर तेवढ्या टिकल्या चिकटवल्या तर कसं दिसेल? मोटारगाड्यांच्या दुकानातला मेटॅलिक सिल्व्हर स्प्रे आणि हार्डवेअरमधला चंदेरी रंग मॉडेलवर ‘चमचम’ करतात ते याच कारणाने. कण अगदी बारीक दळलेला हवा.

अल्क्लॅड कंपनीचे लॅकर (थिनर उडून झटपट वाळणारे रंग) या कामात सगळ्यात सरस. थिनर न घालता बाटलीतून थेट मारता येतात, पातळ थर बसतो, टेप लावला तरी सहसा उठत नाहीत. वास मात्र उग्र. व्हॅलेहोची मेटल कलर मालिका पाण्याची आहे, लहान मुलांच्या घरात ती बरी. पण तिची पकड कमी, टेप लावायच्या आधी निदान दोन दिवस थांबावं लागतं. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) नसेल तर टामियाचा एएस-१२ हा स्प्रे कॅन बराच जवळ जातो. टामियाचा एक्स-११ क्रोम सिल्व्हर ब्रशने मारून पूर्ण डबा रंगवायचा विचार मात्र सोडून द्या. ब्रशच्या रेघा कणांना ओढतात आणि त्या नंतर कशानेही झाकत नाहीत.

८५ फुटी डबा एचओमध्ये साधारण ३० सेंटिमीटरचा होतो. त्याला पातळ केलेला प्रायमर (सगळ्यात खालचं अस्तर) ६ ते ८ मिलिलीटर, धातूच्या रंगाखालचा काळा थर ८ ते १० आणि धातूचा रंग ४ ते ६ मिलिलीटर लागतो. ३० मिलिलीटरच्या एका बाटलीत पाच डबे होतात. एकाच गाडीचे सगळे डबे एकाच बाटलीतून, शक्यतो एकाच दिवशी करावेत. एअरब्रशची सुई ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरची हवी. कंप्रेसर टाकीचाच घ्यावा, कारण मध्येच वीज गेली तरी टाकीतल्या हवेवर चालू फेरी पुरी करता येते. १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर कोणत्याही ऑटो पेंटच्या दुकानात मिळतो.

सोडवणं, जुना रंग काढणं, धुणं

डब्याच्या काचा, बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा), कपलर (डबे जोडणारा आकडा), आतला भाग, सगळं सुटं करा. स्क्रू कागदावर चिकटवून शेजारी जागा लिहा.

जुना रंग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये उतरतो. अर्ध्या तासाने पाहा, मऊ टूथब्रशने पन्हळीच्या दिशेने घासा. उतरला नाही तर पुन्हा बुडवा. आधी आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर चाचणी घ्या. एनसी थिनर, ॲसिटोन किंवा पेट्रोल प्लॅस्टिकला लावू नका, पन्हळ्या मेणासारख्या वितळतात. कारखान्यातून क्रोम चढवून आलेला डबा असेल तर ती झिलई घरगुती ब्लीचमध्ये काही तासांत विरघळते. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. झिलईखाली एक पारदर्शक लॅकरचा थर उरतो, तो अल्कोहोलने काढावा.

मग भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा. यापुढे डब्याला उघडा हात लावायचा नाही. आतून एक लाकडी पट्टी दुहेरी टेपने चिकटवा आणि शेवटपर्यंत डबा त्या पट्टीवरच धरा. बोटाचं तेल प्रायमरखाली दिसत नाही. चंदेरी रंग चढल्यावर तोच ठसा पोलीस पंचनाम्यासारखा स्पष्ट उमटतो.

सपाट भाग १००० आणि मग २००० नंबरने, पाणी लावून घासा. पन्हळीत सपाट कागद जात नाही. कागदाची घडी घालून तिच्या कडेने, किंवा टूथपिकला कागद गुंडाळून, नेहमी लांबीच्याच दिशेने. आडवी एक रेघ गेली तरी ती शेवटी दिसते. पुन्हा धुवा, टोपलीखाली रात्रभर ठेवा.

प्रायमर आणि काळा थर

मॉडेलसाठीचा बारीक कणाचा लॅकर प्रायमर वापरा. मोटारगाड्यांचा प्रायमर जाड असतो, दोन हातांत पन्हळी बुजते. प्रायमरचे दोन पातळ हात, मध्ये पंधरा मिनिटं. वाळल्यावर २००० नंबर हलकेच फिरवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. चकचकीत काळा, टामियाचा एक्स-१ चालेल, लेव्हलिंग थिनरमध्ये (रंग सपाट पसरवणाऱ्या थिनरमध्ये) निम्मा-निम्मा. दाब १५ ते १८ पीएसआय. पहिला हात नुसता धुक्यासारखा. दहा मिनिटांनी दुसरा, थोडा भरीव. आणखी दहा मिनिटांनी तिसरा, ओला. ओला म्हणजे रंग पडताक्षणी आरशासारखा पसरतो पण खाली ओघळत नाही. ही वेळ पकडायची तर डबा खिडकीकडे तिरका धरून रंगाकडे पाहण्याऐवजी त्यातल्या उजेडाकडे पाहत राहा. पृष्ठभाग दाणेदार दिसतो, मग एका क्षणात दाणे एकमेकांत मिसळून उजेडाची कड सरळ होते. तिथेच हात पुढे न्या. त्याच जागी आणखी एकदा बटण दाबलं की ओघळ आलाच.

प्रत्येक फेरी डब्याच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायची. आधी टोकं, मग खालच्या कडा, मग बाजू, सगळ्यात शेवटी टप.

२४ तास झाकून ठेवा, पावसाळ्यात ४८. वास येईनासा होईपर्यंत थर कच्चाच समजा. कच्च्या थरावर लॅकर मारला तर त्यातला थिनर खाली शिरतो, खालचा थर फुगतो आणि वरचा भेगाळतो. त्याला पुन्हा सगळं उतरवण्याशिवाय इलाज नाही.

मऊ, वापरलेलं स्टील हवं असेल तर काळ्यात एक पंचमांश पांढरा घालून गडद करडा करावा. आमच्या मते बडचे जुने डबे करड्यावरच जास्त खरे दिसतात. काळा थर नव्या गाडीसाठी.

धातूचा हात

बाटली पूर्ण एक मिनिट हलवा. आत स्टीलची छोटी गोळी टाकली तर तळाला बसलेले कण सुटतात. कपात ओतल्यावरही दर काही मिनिटांनी ढवळा, कण भराभर खाली बसतात.

दाब १२ ते १५ पीएसआय, अंतर ५ ते ८ सेंटिमीटर. एका वेळी इतका पातळ हात की पहिल्या फेरीनंतर डबा काळाच दिसावा. तिसऱ्या-चौथ्या फेरीला धातू ‘उगवतो’. हा क्षण आला की थांबायचं. रंग अजून झाकला गेला नाही असं वाटून बहुतेकांचा हात पुढे जातो, आणि तिथेच चमक मरते, कारण कणांवर कण बसले की ते वेडेवाकडे राहतात आणि उजेड परत न फेकता विखुरतात. फार ओला मारला तर कण तरंगत एकत्र जमतात आणि ढगाळ डाग पडतात.

किमान एक तास, शक्यतो रात्रभर वाळू द्या; पाण्याचा रंग असेल तर वर सांगितलेले दोन दिवस.

आता पत्र्यापत्र्यातला फरक. नावाची पट्टी आणि खिडक्यांमधला सपाट भाग एक छटा गडद, टप आणखी मंद. टेप कमी चिकटाचा घ्या आणि आधी काचेवर दोनदा चिकटवून काढा. हाताच्या पाठीवर चिकटवून चिकट कमी करायची सवय इथे नको, त्वचेचं तेल टेपवर येतं. गडद छटेसाठी त्याच रंगाच्या दहा थेंबांत गडद ॲल्युमिनियम रंगाचे दोन थेंब. अशा दोन-तीन फेऱ्या पुरतात. टेप काढताना तो स्वतःवरच दुमडत, पृष्ठभागाला समांतर, सावकाश ओढा. फरक फोटोत जेमतेम जाणवेल एवढाच ठेवा. डबा फिरवल्यावर एक पत्रा उजळतो आणि शेजारचा मावळतो, तेव्हा काम जमलं असं समजा.

खिडक्यांच्या चौकटींना बेअर मेटल फॉइल (मागून चिकट असलेला धातूचा पातळ कागद) रंगापेक्षा चांगली दिसते. चौकटीपेक्षा ५ मिलिमीटर मोठा तुकडा कापा, चिमट्याने ठेवा, कापसाच्या काडीने मधून कडेकडे दाबत न्या. नवीन ब्लेडने, जवळजवळ वजन न देता, चौकटीच्या खाचेतून एकदाच फिरवा. ब्लेड बोथट असेल तर फॉइल फाटते.

दाराच्या दांड्यांसाठी रंगच नको. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानांत सतारीची पोलादी तार मिळते. ०.३ मिलिमीटरची तार १:८७ मध्ये २६ मिलिमीटरची होते, म्हणजे खऱ्या दांड्याच्या जाडीची. ही तार उसळी खाते, म्हणून हव्या त्यापेक्षा थोडी जास्त वाकवा. नाजूक कटरने कापू नका, त्याच्या धारेला खाच पडते; जुनी पक्कड घ्या. तार स्टेनलेस नसते. पावसाळ्यात ती गंजू नये म्हणून पारदर्शक लॅकरचा एक पुसट हात द्यावा.

सांगलीची हवा

जुलै-ऑगस्टमध्ये लॅकर मारल्यावर पृष्ठभागावर दुधाळ छटा येते. थिनर उडताना उष्णता ओढून घेतो, पृष्ठभाग गार पडतो, आणि गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तशी हवेतली वाफ रंगावर धरते. साताऱ्याच्या पश्चिमेला, महाबळेश्वरच्या बाजूला, तर या दिवसांत लॅकर उघडूच नये. छोटा आर्द्रतामापक घ्या. ७० टक्क्यांच्या वर गेला की थांबा. अडलंच असेल तर थिनरमध्ये १० टक्के रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारा द्रव) घाला. काळ्या थरावर छटा आलीच तर त्यावर नुसता लेव्हलिंग थिनर धुक्यासारखा मारला की बहुतेक वेळा ती निघते. धातूच्या थरावर हे करू नका, कण वाहतात. कंप्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा फिल्टर या दिवसांत हवाच.

एप्रिल-मे मध्ये उलटी अडचण. दुपारी चाळिशीच्या घरात रंग हवेतच वाळतो आणि डब्यावर पावडर म्हणून बसतो. बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. सकाळी सहा ते नऊ ही वेळ धरा, अंतर दोन सेंटिमीटरने कमी करा.

थंडीत हवा उत्तम, पण ऊसपट्ट्यात फडाचं पाचट पेटलं की काजळीचे काळे तुकडे गच्चीवर उतरतात. ओल्या काळ्या थरावर असा एक तुकडा पडला की तो दिसत नाही, चंदेरीत मात्र फोडासारखा उठतो. म्हणून गच्चीत रंगवू नये. खोलीत रंगवताना आधी फरशीवर पाण्याचा हलका शिडकावा करावा, धूळ बसते. खोलीत हवा बाहेर ओढणारा पंखा, तोंडावर सेंद्रिय वाफेच्या काडतुसांचा मास्क. कापडी मास्क वाफ अडवत नाही. देवघरातली समई, डासांची कॉइल, शेगडी, सगळं आधी विझवा. वापरलेला थिनर मोरीत ओतू नका, बंद बाटलीत साठवा.

अक्षरं, मळ आणि जोडणी

पूर्ण डब्यावर क्लिअर (पारदर्शक थर) मारला की धातू हमखास करडा पडतो. तो फक्त डिकॅलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या अक्षरांच्या) पट्टीपुरता, चकचकीत आणि पातळ मारा. डिकॅलची पारदर्शक कड अक्षराला लागून कापा, नाहीतर प्रत्येक अक्षराभोवती चंदेरी चौकट दिसते. घासून उतरवायची ड्राय ट्रान्स्फर अक्षरं मिळाली तर तीच घ्या; त्यांना कडच नसते.

पन्हळीतल्या सावलीसाठी ऑइल कलर: रॉ अंबर आणि काळा समभाग, त्याच्या पंधरा ते वीस पट वासरहित टर्पेंटाइन. आधी न दिसणाऱ्या जागी तपासा. ०००च्या ब्रशने पन्हळीच्या खाचेत टेकवा, रंग आपोआप धावतो. अर्ध्या तासाने, टर्पेंटाइनने किंचित ओलसर केलेल्या कापडाने लांबीच्या दिशेने पुसा. सपाट पत्र्यावर मात्र वरून खाली पुसा, कारण पावसाचं पाणी तसंच उतरतं. ब्रेकची तपकिरी धूळ पेस्टल पावडरने बोगीच्या वर आणि डब्याच्या टोकांना, खालून वर विरत जाणारी. मधल्या भागात ती जवळजवळ नसते. टपावर काळपट करडी पावडर, मधोमध जास्त.

कपलर आणि स्प्रिंगा सेमी-ग्लॉस काळ्या रंगवा आणि वाळल्यावर ६बी पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळा. झिजलेलं पोलाद याहून खरं कुठल्याच बाटलीत मिळत नाही.

काचा बसवताना सुपरग्लू वापरू नका. त्याची वाफ बंद डब्यात कोंडते आणि दुसऱ्या दिवशी काचेवर पांढरा थर दिसतो. पांढरा लाकडी गोंद टूथपिकने चौकटीच्या आतून चार ठिकाणी लावा आणि टप बसवण्यापूर्वी डबा एक रात्र उघडा ठेवा.